‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’: एका धातूची दोन लेकरे

‘शिक्षण’ हा शब्द संस्कृत ‘शिक्ष्’ धातूचा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘विद्योपादाने’, म्हणजे विद्या घेणे, असा दिला आहे. पण मुळात हे ‘शक्’चे इच्छादर्शक रूप. शक् म्हणजे जमणे. ‘शिक्षति’ म्हणजे त्याला जमावेसे वाटते. ऋग्वेदाच्या मंडूकसूक्तात (७.१०३) एका बेडकामागून दुसरा ओरडतो, त्याला ‘शाक्ता’मागून म्हणणाऱ्या ‘शिक्षमाणा’ची उपमा दिली आहे. ज्याला येते तो शाक्त, ज्याला यायला हवे आहे तो शिक्षमाण. ‘शिष्य’ मात्र या घरातला नाही. तो ‘शास्’वरून आला, शासन आणि शास्त्र यांच्या बाजूचा.

पुढे ‘शिक्षा’ हे सहा वेदांगांपैकी, म्हणजे वेदांच्या अभ्यासाला पूरक शास्त्रांपैकी, एकाचे नाव झाले आणि त्याचा विषय होता फक्त उच्चार. तैत्तिरीय उपनिषदाची शीक्षावल्ली त्याची सहा अंगे सांगते: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम, संतान. चूक किती महागात पडते, याचे ‘पाणिनीय शिक्षा’ या ग्रंथातले उदाहरण ‘इन्द्रशत्रु’चे. उदात्त, म्हणजे उंच स्वर, शेवटच्या अक्षरावर असेल तर तत्पुरुष, ‘इंद्राला मारणारा’. तोच पहिल्या अक्षरावर गेला की बहुव्रीही, ‘इंद्र ज्याचा मारेकरी आहे तो’. इंद्राला मारणारा वृत्र निपजावा म्हणून त्वष्ट्याने केलेल्या यज्ञात नेमके हेच झाले आणि उलट वृत्रच मारला गेला. याच ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार आहेत: गाण्यासारखे म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान हलवणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक आवाजाचा. पाठांतर करून घेणाऱ्या कुणालाही ही यादी आजही उपयोगी पडेल.

प्राकृतात ‘सिक्खइ’, त्यावरून मराठीत शिकणे, शिकवणी, शिकाऊ. ‘शिकस्त’ यात ओढू नये, तो फारसी.

मराठीत ‘शिक्षा’ दंडाकडे गेली. शिकवणे, वळण लावणे, मग त्यासाठी दंड करणे, अशी ती वाट. ‘धडा शिकवीन’ या धमकीत ती अजून दिसते. हिंदीत सजा वेगळी असल्याने ‘शिक्षा’ शिकण्यापुरतीच राहिली.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे जोर ‘विद्या’ शब्दाचा होता. सरकारी खाते ‘विद्याखाते’, आणि १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले ‘विद्येविना मति गेली’ असेच लिहितात. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काढलेली संस्था मात्र ‘रयत शिक्षण संस्था’. केंद्राचे ‘सर्व शिक्षा अभियान’ महाराष्ट्रात हिंदी नावानेच आले, पण ते राबवणारी संस्था ‘महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद’.