उत्पन्नवाढ, विषमता आणि शालेय शिक्षण

विकसनशील देशांत सरासरी उत्पन्न वाढले की शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाणही साधारणपणे वाढते. मात्र वाढीव पैसा कोणत्या घरात पोहोचला, यावर बरेच काही ठरते. गरीब घराला शाळा केवळ फीमुळे महाग पडत नाही. शाळेत गेलेले मूल मजुरीला जात नाही, धाकट्या भावंडाला सांभाळत नाही. शिक्षणाचे फळ दहा-बारा वर्षांनी मिळणार आणि त्याच्या भरवशावर आज कोणी कर्ज देत नाही. गहाण टाकायला जमीन असलेले घर ही वर्षे निभावून नेते, भूमिहीन घराला ते जमत नाही. शिवाय मजुरीचे दर वाढले की मुलाच्या कामालाही भाव येतो.

सांगली-साताऱ्याच्या कृष्णाकाठी हे चित्र ठळक दिसते. उसाने इथे पैसा आणला. १९८३ मध्ये सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि फी झेपणाऱ्या बागायतदारांच्या मुलांना इंजिनिअर होण्याची वाट खुली झाली. त्याच उसाच्या तोडणीला बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले नवरा-बायको म्हणजे मजुरीच्या हिशेबात एक कोयता. दिवाळीच्या सुमारास निघालेले हे कुटुंब गळीत हंगाम संपेपर्यंत कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते आणि सोबतच्या मुलांचे जवळजवळ अख्खे दुसरे सत्र बुडते. साखर कारखान्यांजवळ या मुलांसाठी भरणाऱ्या साखरशाळांनी काहींना आधार दिला. पण मूल गावीच ठेवणारे हंगामी वसतिगृह हा अधिक मुळाशी जाणारा उपाय आहे, कारण त्यात शाळा तुटत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी गरिबी आणि शिक्षणाची ही गाठ फार आधी ओळखली होती. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. ‘कमवा आणि शिका’मुळे बापाच्या मिळकतीवरचे अवलंबन घटले. मेक्सिकोने १९९७ पासून मुलांच्या हजेरीच्या अटीवर गरीब कुटुंबातील आईच्या हाती रोख रक्कम दिली. बुडालेली मजुरी काही अंशी भरून काढणे हाच त्यामागचा विचार.

भारतात २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाची हमी देतो. आठवीनंतर ती हमी संपते आणि नेमके त्याच वयात पोराच्या हाती कोयता देणे घराला परवडू लागते.