‘जरा बाहेर पडा’ हा सल्ला उपचार कधी होतो?

निवृत्ती, जोडीदाराचं जाणं, मुलांनी परगावी बिऱ्हाड थाटणं. अशा वेळी माणूस गप्प झाला की घरी येणारा प्रत्येक जण सांगून जातो, ‘जरा बाहेर पडा, मन रमवा.’ गंमत म्हणजे नैराश्यावरच्या एका चांगल्या पारखलेल्या मानसोपचाराचा गाभाही जवळजवळ हाच आहे. मग शेजाऱ्यांच्या सांगण्याने ढिम्म न हलणारा माणूस या उपचाराने हलतो, तो कसा?

त्यासाठी गोव्यात जाऊ. तिथे ‘संगाथ’ ही संस्था १९९६पासून मानसिक आरोग्यावर काम करते. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. या मंडळींनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याची बऱ्यापैकी तीव्र लक्षणं असलेल्या ४९५ जणांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार, जरा सुधारून. दुसऱ्याला त्यासोबत समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी, प्रत्येक साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. समुपदेशक म्हणजे मानसशास्त्राची पदवी नसलेली, प्रशिक्षण देऊन तयार केलेली स्थानिक माणसं.

भेटीत नेमकं काय होतं? समजा, बसवर कंडक्टर म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेले एक काका आहेत. पहाटेची ड्यूटी संपली, आता उठून करायचं काय, म्हणून दहापर्यंत अंथरुणात. जुने सोबती चहाच्या टपरीवर भेटतात, पण ‘त्यांना काय सांगू’ म्हणून काका तिकडे फिरकत नाहीत. समुपदेशक मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची. ‘काका, मन का लागत नाही?’ असं ती विचारत बसत नाही. ती विचारते, ‘काल उठल्यापासून काय काय केलंत? आणि ते करताना कसं वाटत होतं?’

मग आठवडाभर एक तक्ता भरायचा. पुढच्या भेटीत दोघं तो पाहतात. दुपारी टीव्हीसमोर मन सगळ्यात जड. गुरुवारी मात्र शेजारच्या पोराला मडगावला कोणती बस जाते ते समजावताना थोडं हलकं. हे ‘थोडं’च हाताशी धरायचं असतं. ‘रोज फिरायला जाईन’ असल्या संकल्पाला इथे किंमत नाही. ठरतं ते असं: मंगळवारी सात वाजता, टपरीपर्यंत, चहा न घेता परतलं तरी चालेल. ‘आडवं काय येईल, काका?’ ‘लोक विचारतील, तब्येत का उतरली?’ मग त्याला काय म्हणायचं, तेही तिथेच ठरतं आणि मोठ्याने म्हणून बघितलं जातं. मंगळवारी जमलं नाही तर रागावणं नाही. काम आणखी छोटं करायचं.

शेजाऱ्यांचा सल्ला नेमका इथेच अपुरा पडतो. त्यात वार नाही, वेळ नाही, अडचणीची चौकशी नाही आणि पुढच्या आठवड्यात कोणी विचारायलाही येत नाही. उलट ‘एवढंसुद्धा जमत नाही’ ही बोच मात्र मागे उरते.

या पद्धतीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. तिची मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांनी १९७०च्या दशकात केली. उदास माणूस माणसं टाळतो, कामं टाळतो. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण आनंद आणि ‘मला जमलं’ ही भावना मिळण्याच्या जागाही बंद होतात, आणि उदासी वाढते. बरं वाटलं की करू, म्हणून थांबलेल्याला ते बरं वाटणं येतच नाही. म्हणून आधी कृती. मन मागून येतं.

विचारांचं काय? आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकी मानसोपचारक अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत अनेकांना माहीत आहे. तिच्यात चुकीच्या विचारांना आव्हान दिलं जातं, आणि ते उपयोगीही आहे. पण १९९६ साली अमेरिकेत नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी विचार आणि वर्तन अशा दोन्हींवर काम करणाऱ्या उपचाराची फोड करून पाहिली, तेव्हा नुसत्या वर्तनाच्या भागाने जवळपास तेवढाच गुण आला. पदवी नसलेल्या समुपदेशकाला शिकवायला सोपी पद्धत का निवडली गेली, हे यावरून कळतं.

गोव्याचे आकडे २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. तीन महिन्यांनी, भेटी मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्याच्या तीव्र लक्षणांतून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात ३९ टक्के. फरक मोठा आहे, तरी दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. भेटी न मिळालेलेही बरेच जण सावरले, आणि मिळालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोक सावरले नाहीत. ‘हमखास गुण’ म्हणणाऱ्यापासून लांबच राहिलेलं बरं.

शिवाय प्रत्येक दुःखाला उपचार लागतो असं नाही. जवळचं माणूस गेल्यावर रडू येणं हा आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, काम सगळंच विस्कटलं असेल तर मदत घ्यावी. भास होत असतील किंवा जीव द्यावासा वाटत असेल तर नुसत्या गप्पांवर भागवू नये, थेट मनोविकारतज्ज्ञ गाठावा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

समुपदेशकाकडे जायचं ठरलंच तर पहिल्या भेटीत बिनधास्त विचारावं: कोणती पद्धत वापरता, अंदाजे किती भेटी लागतील, आणि फरक पडतोय की नाही हे आपण कशावरून ठरवायचं? या प्रश्नांचा राग येणाऱ्याकडे पुन्हा न गेलेलं चालेल.