उपवर्गाच्या सिरियलायझेशनमधील फील्डक्रम

एका क्लासवरून दुसरा क्लास (उपवर्ग) केला आणि त्याच्या ऑब्जेक्टचा जेसन, म्हणजे फील्डचे नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर, काढला (यालाच सिरियलायझेशन म्हणतात), की फील्ड्स आपण धरून चाललेल्या क्रमाने येतातच असे नाही. हा क्रम लायब्ररी ठरवते आणि प्रत्येकीची रीत निराळी.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील गूळ अडत्याची हिशेबपट्टी घेऊ. मूळ क्लास 'पट्टी': क्रमांक, तारीख. उपवर्ग 'गूळपट्टी': रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर. ३० किलोचे ४० रवे, म्हणजे वजन १२०० किलो. जावातील जीसॉन लायब्ररी उपवर्गापासून सुरुवात करून एकेक पायरी वर पालकाकडे, म्हणजे मूळ क्लासकडे, चढते. म्हणून रवे, वजन, दर आधी आणि क्रमांक, तारीख शेवटी. पायथॉनच्या डेटाक्लासमध्ये (फील्ड्सच्या यादीवरून आपोआप तयार होणाऱ्या क्लासमध्ये) नेमके उलटे, पालक आधी. त्यातही पालकाचे एखादे फील्ड उपवर्गात पुन्हा लिहिले, तर ते पालकाच्या मूळ जागीच राहते.

जेसनचे प्रमाणपत्रक आरएफसी ८२५९ नुसार जेसन ऑब्जेक्टला क्रमच नसतो, त्यामुळे नावाने वाचणाऱ्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते जागा मोजणाऱ्याचे. जीसॉनच्या जेसनवरून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) काढून तिसरा रकाना रव्यांचा मानला, तर ४० च्या जागी दराचा आकडा बसतो आणि एररही येत नाही. ही चूक सर्वांत घातक. एक्सएमएल फाइलच्या स्कीमात (रचनेच्या नियमांत) 'सीक्वेन्स', म्हणजे ठरलेला क्रम, असेल तर फाइल निदान नाकारली तरी जाते. डिजिटल सहीसाठी मजकूर तंतोतंत तोच लागतो, म्हणून आरएफसी ८७८५ प्रमाणे कीज (फील्डची नावे) क्रमाने लावून घ्याव्यात.

उपाय एकच: क्रम स्वतः लिहून द्यावा. जावाच्या जॅक्सन लायब्ररीत '@जेसनप्रॉपर्टीऑर्डर' ही क्रमाची खूण उपवर्गावर लावून पालकाची फील्ड्सही त्याच यादीत घालावीत. दोघांच्या याद्या जोडल्या जात नाहीत, उपवर्गाची यादी पालकाची झाकते. इथेच बहुतेक जण फसतात. डॉटनेटच्या सिस्टिम.टेक्स्ट.जेसन लायब्ररीत क्रमाची खूण नसलेल्या प्रॉपर्टीचा (फील्डचा) क्रम ० असतो आणि लहान आकडा आधी येतो, म्हणून पालकाच्या प्रॉपर्टींना -१ द्यावा.

डेटाक्लासमध्ये पालकात 'हमाली = ०' असा डिफॉल्ट (न दिल्यास धरायची किंमत) असताना उपवर्गात डिफॉल्ट नसलेले 'रवे' आले, तर क्लास तयार होतानाच टाइपएरर येतो. पायथॉन ३.१० पासून 'केडब्ल्यू_ओन्ली' (किंमत फील्डच्या नावानेच द्यायची अट) लावून तो टळतो. मात्र त्याने फक्त कन्स्ट्रक्टरमधला (ऑब्जेक्ट तयार करतानाचा) क्रम बदलतो, ऑब्जेक्टची डिक्शनरी काढणाऱ्या 'ॲसडिक्ट'मधून निघणारा नाही.