चित्रपटाची दृश्यभाषा : बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात

चित्रपटाची दृश्यभाषा : संवाद, गाणी आणि निवेदन बाजूला ठेवले, तरी पडद्यावरच्या चित्रातून प्रेक्षकाला बरेच काही कळते. ते ज्या साधनांनी कळते, त्यांना मिळून चित्रपटाची दृश्यभाषा म्हणतात. चौकट, कॅमेऱ्याचे अंतर आणि कोन, प्रकाश, रंग, हालचाल, चौकटीत मांडलेल्या वस्तू आणि एका शॉटला (कॅमेऱ्याने सलग टिपलेल्या तुकड्याला) दुसरा शॉट जोडण्याची रीत ही तिची मुख्य अंगे. ‘भाषा’ हा शब्द इथे जरा सैल अर्थाने घ्यायचा, कारण क्लोज-अप (अगदी जवळून घेतलेला चेहरा) म्हणजे अमुक आणि अंधार म्हणजे तमुक असा शब्दकोश करता येत नाही. शॉटचा अर्थ त्याच्या मागच्यापुढच्या शॉटांवर ठरतो आणि बराचसा बघणाऱ्यावरही.

ही भाषा साऱ्या जगाला सारखी कळते, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, आणि कुठपर्यंत खरे आहे हे पाहायला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा कर्नाटकातला सीमाभाग फार सोयीचा आहे. इथे मराठी, हिंदी आणि कन्नड असे तिन्ही सिनेमे लागतात आणि एकाच रांगेत मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी माणसे बसतात. कन्नड पिक्चरला आलेली खानापूरकडची म्हातारी शेजारी बसलेल्या नातवाला मधूनमधून “काय म्हंटला रे त्यो?” असे विचारत असते. पण डोळ्याला पदर लावायची जागा आली की ती विचारायची थांबते. तिथे तिला कुणी सांगावे लागत नाही.

याचे कारण चौकट आणि अंतर. नाटकात ज्याची जशी खुर्ची, तसे त्याला नाटक दिसते. पहिल्या रांगेतल्याला नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, शेवटच्याला नुसते हातवारे. चित्रपटात कॅमेरा साऱ्या थिएटरला एकाच खुर्चीत बसवतो आणि दर काही सेकंदांनी ती खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवतो. दूरच्या शॉटमध्ये माणूस मुलखाचा एक तुकडा असतो. कमरेपर्यंत जवळ आला की तो कुणाशी तरी बोलतो आहे हे महत्त्वाचे होते, आणि नुसता चेहरा राहिला की तो काय बोलत नाही हे दिसू लागते. इतक्या जवळून आपण एरवी घरच्याच माणसांचा चेहरा बघतो. परक्याच्या इतके जवळ जायची परवानगी सिनेमा देतो, आणि ती कुठल्याही भाषेत सारखीच लागू पडते.

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आठवली, तर हा फरक लगेच ध्यानात येतो. महाराष्ट्रात सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते. बेळगावात ती वैशाखातल्या जुन्या तिथीला धरून होते आणि मंडळांचे चित्ररथ रात्री उशिरापर्यंत निघत राहतात. ट्रॉलीवर किल्ल्याचा बुरूज, त्यावर खरीच माणसे, आणि प्रसंग बहुधा अफझलखानाचा किंवा आग्र्याचा. इथे प्रेक्षक जागेवर उभा असतो आणि चौकट त्याच्यासमोरून जाते. क्लोज-अप शक्यच नसतो. म्हणून मिश्या जाड, भुवया रंगवलेल्या, खानाचा देह दुप्पट आणि वाघनखे पंजाएवढी. जवळ नेता येत नाही ते मोठे करून दाखवायचे, हा मांडणीचा शहाणपणा आहे. त्याला अतिनाट्य म्हणून हिणवणाऱ्याने एकदा मागच्या गर्दीतून चित्ररथ बघावा.

मराठी सिनेमाला चौकटीची जाण लागली ती पडदे रंगवणाऱ्यांकडून. बेळगावपासून शंभरेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. सपाट कापडावर खोली कशी आणायची, उजेड कुठून पाडायचा हे त्यांच्या हातात होते. पुढे बाबूरावांनी कॅमेरा स्वतः बनवला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला. त्यांच्याच तालमीतून निघालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) व्ही. शांताराम यांनी गोष्टीतल्या राजगुरूचा, म्हणजे राजाच्या धर्मगुरूचा, एक डोळा पडदाभर दाखवला. डोळा एवढा मोठा झाला की तो चेहऱ्याचा भाग राहत नाही, ती नुसती नजर होते, आणि ती थेट बघणाऱ्यावर असते. ‘कुंकू’मध्ये (१९३७) तरुण मुलीशी लग्न केलेल्या म्हाताऱ्याला फुटक्या आरशाच्या तुकड्यांत आपलेच चेहरे दिसतात. त्याच्या मनात काय चालले आहे हे सांगायला तिथे वेगळे वाक्य लागत नाही. या चित्रपटाला पार्श्वसंगीतही नाही, त्यामुळे चित्रावरच भार पडतो आणि ते तो पेलते.

शॉटला शॉट जोडल्याने अर्थ कसा निर्माण होतो, याचा सर्वांत गाजलेला दाखला १९२० च्या आसपासच्या रशियातला आहे. दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा सुपाच्या वाडग्याला, शवपेटीला आणि एका स्त्रीला जोडून दाखवला. चेहरा तोच असताना बघणाऱ्यांना भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली, असे या प्रयोगाबद्दल सांगतात. म्हणजे भाव नटाच्या चेहऱ्यावर नव्हता, तो दोन तुकड्यांच्या सांध्यात होता. हे आज इतके सवयीचे झाले आहे की सांधा जाणवतही नाही.

हाच सांधा बेळगावात आणून बघू. मध्यवर्ती बसस्थानकावर एक बाई पिशवी घेऊन उभी आहे. ती मान वर करते. कट. गाडीची पाटी. कट. पुन्हा बाई, पण पिशवी आता फरशीवर ठेवलेली. तीन शॉट झाले आणि कुणी काही बोलले नाही. ही तिची गाडी नव्हे, अजून थांबायचे आहे, एवढे प्रत्येकाला कळले. इथवर दृश्यभाषा सर्वांची आहे. पुढचे मात्र पाटीवर अवलंबून आहे. लाल एसटी असेल तर पाटी देवनागरीत, ‘कोल्हापूर’ वगैरे. वायव्य कर्नाटक परिवहनची गाडी असेल तर गोल वळणाची कन्नड अक्षरे. ती वाचता येणाऱ्याला गाडी गोकाकला निघाली आहे हे दिसते, म्हणजे बाईला गोकाकला जायचे नाही हेही दिसते. न वाचता येणाऱ्याला नुसती ‘कन्नड पाटी’ दिसते, आणि त्याचा समज असा होतो की बाईलाही ती वाचता आली नाही. एकाच शॉटमध्ये एकाला प्रवास दिसला आणि दुसऱ्याला अडाणीपण किंवा अडचण. दोघे एकाच रांगेत बसलेले आहेत.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या दिग्दर्शकाला हे सहसा सुचत नाही. त्याच्या लेखी कन्नड अक्षरे ही ‘आपण आता बाहेरगावी आलो’ एवढे सांगणारी नक्षी असते. बेंगळुरूहून येणाऱ्याचे देवनागरीच्या बाबतीत तेच होते. सीमाभागातल्या प्रेक्षकाला पाटी नक्षी म्हणून बघताच येत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून पाटीवरचे अक्षर हा इथे भांडणाचा विषय आहे. पाटीवरून शॉटचे सालही काढता येते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावी झाले, तेव्हा सरकारी पाटीवर कुठले नाव आहे त्यावरून शॉट आधीचा की नंतरचा याचा अंदाज बांधता येतो. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला, हा कायदा २०२४ चा. त्यानंतरच्या बाजारपेठेच्या शॉटमध्ये अक्षरांचे प्रमाणच बदललेले दिसते.

सीमा दाखवायची कशी, हा म्हणूनच दृश्यभाषेतला खरोखरीचा अवघड प्रश्न आहे. कागल सोडून निपाणीकडे निघाले की दोन्ही बाजूंना तोच ऊस, तीच गुऱ्हाळे, तेच ट्रॅक्टर, तीच टोपी. जमिनीवर रेघ नाही. कोगनोळीच्या आसपास मैलाच्या दगडावरची लिपी बदलते आणि उभ्या असलेल्या मोटारसायकलींच्या नंबरात एमएच ०९ ऐवजी केए २३ जास्त दिसू लागते. कॅमेऱ्याला सीमा पकडायची असेल तर एवढेच हाताशी असते. त्यात दिशेचा नियम सांभाळावा लागतो. गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालली असेल, तर तिने पुढच्या शॉटमध्येही तिकडेच जायला हवे. कॅमेरा रस्ता ओलांडून पलीकडे ठेवला की तीच गाडी परत फिरल्यासारखी दिसते. सीमेच्या दृश्यात ही चूक झाली तर माणूस कर्नाटकात शिरला की महाराष्ट्रात परतला, हेच कळेनासे होते.

रंगांचे तर याहून गुंतागुंतीचे. ‘कुंकू’ कृष्णधवल होता. पडद्यावरचे कुंकू एक काळसर ठिपका होते आणि तरी बघणाऱ्यांनी ते लालच पाहिले. रंग पडद्यावर नसला तरी ओळखीतून येतो, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. आता रंगीत पडद्यावर पिवळा आणि लाल शेजारी शेजारी आले, तर मराठी बाईला हळदीकुंकू आठवेल. कन्नड बाईलाही तेच आठवेल, तिच्या तोंडी शब्द ‘अरिशिन-कुंकुम’ असेल एवढेच. पण हेच दोन रंग काठीवर आडव्या पट्ट्यांत फडकले की तो कर्नाटकाचा लाल-पिवळा ध्वज होतो, आणि त्या ध्वजाचे रंग हळदकुंकवाचेच आहेत असे कन्नड माणसेही सांगतात. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवात शहरभर हे रंग असतात, आणि त्याच दिवशी, सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ, काळा दिन पाळणारी मराठी मंडळी काळे कपडे घालून, दंडाला काळी फीत बांधून निघतात. सुतकाला आपल्याकडे पांढरा रंग, निषेधाला काळा, झेंड्याला भगवा. या यादीतला एकही अर्थ कॅमेऱ्याने दिलेला नाही. कॅमेरा फक्त उचलतो. सहज म्हणून भिंतीला लाल-पिवळा रंग देणाऱ्या कलादिग्दर्शकाला इथले थिएटर काय अर्थ लावील, हे आधी कुणा इथल्या माणसाला विचारलेले बरे.

भिंतीवरच्या तसबिरींचेही तसेच. ‘फँड्री’मध्ये (२०१३) जब्या हा पोरगा आणि त्याच्या घरचे, जातीमुळे गावात हिणवली जाणारी माणसे, पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेत असताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे येतात. चेहरे न ओळखणाऱ्याला ती रंगवलेली भिंत आहे. ओळखणाऱ्याला त्या भिंतीसमोरून चाललेली मिरवणूक बघवत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो, आणि तो चुकवायला मात्र कुठलीही ओळख लागत नाही, मान आपोआप मागे जाते. एकाच चित्रपटात दोन्ही तऱ्हा सापडतात. सीमाभागातल्या घरांत शिवाजी महाराज, बसवेश्वर, कित्तूर चन्नम्मा, संगोळ्ळी रायण्णा, आंबेडकर यांपैकी कोणाची तसबीर कुठे लावली आहे, यावरून पाहुणा उंबऱ्यातच घराचा अंदाज बांधतो. सिनेमातल्या घरालाही तो हाच नियम लावतो.

ओळख सीमेपलीकडूनही चालते. गिरीश कासरवळ्ळी यांच्या ‘घटश्राद्ध’ (१९७७) या कन्नड चित्रपटात शेवटाकडे केशवपन केलेली यमुना ही तरुण विधवा दिसते. कन्नडचा गंध नसलेल्या मराठी प्रेक्षकालाही त्या डोक्याचा अर्थ आजीच्या पिढीच्या गोष्टींतून माहीत असतो. इथे दोन भाषांचा समाज एक आहे आणि चित्र त्यावर उभे आहे.

प्रकाश आणि कोन यांबद्दल थोडक्यात. खालून घेतलेला शॉट माणसाला उंच करतो, वरून घेतलेला त्याला खुजा करतो. एका बाजूने उजेड टाकला की अर्धा चेहरा राखून ठेवल्यासारखा वाटतो. स्थिर कॅमेरा निवांतपणा देतो किंवा कोंडी, आणि हातातला हलता कॅमेरा बघणाऱ्याला प्रसंगात ओढतो. हे पाठ्यपुस्तकी नियम खरे आहेत, पण ते मोडूनही चांगले चित्रपट झाले आहेत.

चौकट ही वस्तू प्रेक्षकाला कुणी शिकवलेली नसते, पण ती त्याला पक्की ठाऊक असते. रिळांच्या काळात टॉकीजमध्ये मशीनवर फिल्म एखाद्या दातऱ्याने सरकली की पडद्याच्या वरच्या अंगाला पाय, मधे काळी पट्टी आणि खाली डोके, असा प्रकार व्हायचा. स्टॉलमधून लगेच शिट्ट्या आणि “फ्रेम! फ्रेम!” सुरू. बाल्कनीतले जरा थांबून ओरडत. सेकंदाला २४ चित्रे जाणाऱ्या रिळाची जागा गेल्या दशकात डिजिटल प्रक्षेपणाने घेतली आणि ती शिट्टी बंद झाली.

आता चौकट खिशात आली आहे, आणि ती उभी आहे. उभ्या चौकटीत एक माणूस आरामात मावतो, दोघे शेजारी शेजारी मावत नाहीत, म्हणून मोबाईलवरच्या व्हिडिओंत एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर सारखे कट असतात. शिवजयंतीच्या रात्री हे मजेदार दिसते. चित्ररथ आडवा, फोन उभा. अख्खा देखावा काही केल्या फोनमध्ये मावत नाही. मग कोपऱ्यावर कठड्यावर चढलेला पोरगा आधी महाराजांचा चेहरा घेतो, तिथून खाली वाघनखांच्या हातावर येतो, थांबतो, आणि मग खानाकडे वळतो. ट्रॉली तोवर पुढे गेलेली असते, खानाची नुसती पाठ सापडते. तरी सकाळी गल्लीतल्या सगळ्यांच्या स्टेटसला तोच व्हिडिओ असतो.