पार्श्वभूमी : शेवाळ म्हणून राहून गेलेले मॉस

साताऱ्याच्या डोंगरांतल्या दुर्मिळ मॉसबद्दल बोलायचे तर अडचण शब्दापासूनच सुरू होते. पायरीवरून पाय घसरवते ते शेवाळ, टाकीत हिरवे धागे धरते ते शेवाळ आणि महाबळेश्वरात अंजनीच्या खोडावर पावसाळाभर चढणारा मऊ थर, तोही शेवाळच. आटपाडीकडे डाळिंबाची गुटी कलमे बांधताना सोललेल्या सालीभोवती जे ओले करून गुंडाळतात, त्यालाही शेवाळ म्हणतात; ते असते बाहेरून आणलेले स्फॅग्नम मॉस. शास्त्रीय मराठीत शैवल वेगळे आणि मॉस म्हणजे हरिता वेगळी, पण हरिता हा शब्द पुस्तकाबाहेर कधी पडलाच नाही. गोड्या मसाल्यातले दगडफूल तर तिसरेच, बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. या घोळाची किंमत मॉसने मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवाळ म्हटले की आपला हात खराट्याकडे जातो. जे खरवडून टाकायचे, ते राखा म्हणून कोण सांगणार?

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातले मॉस एका सनदी अधिकाऱ्याने हौसेने गोळा केले आणि ओळख पटवायला इंग्लंडला धाडले. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात वनस्पती आल्या त्या सहा, त्यात मॉस नव्हते. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला, २०१२ मध्ये फुलांचे कास पठार जागतिक वारशात गेले. मॉसला आसरा मिळाला तो असा, जंगलाच्या आणि फुलांच्या ओळखीने.

फुले राखायला कासला घातलेल्या कुंपणावरून बरीच वादावादी झाली. गुरे थांबल्याने फुले घटली, असे गावकऱ्यांचे म्हणणे. कुंपण नसेल तर माणसे तुडवतील, ही दुसरी बाजू. दोन्हीकडे हिशेब फुलांचाच. मॉसला ना फूल, ना बी, ना खरे मूळ. जांभ्याच्या खळग्यात बोटभर मातीवर ते रुपयाएवढा गादीसारखा पुंजका धरते आणि पाणी पानांनीच पिते. जुलैत ते हिरवेगार असते, तेव्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, धुके आणि गुराखी. गर्दी येते सप्टेंबर-ऑक्टोबरात. तोवर उघडीप पडली की तोच पुंजका तपकिरी होऊन दगडाला चिकटतो आणि फुलांना जपत टाकलेला पाय नेमका त्यावर पडतो. ओंजळभर पाणी घातले, तर काही मिनिटांत पाने उलगडून तो पुन्हा हिरवा होतो.