फ्रेंचमधील इंडिकेटिव्ह आणि सबजंक्टिव्ह: प्रश्न खात्रीचा नाही, विधानाचा आहे

इंडिकेटिव्ह आणि सबजंक्टिव्ह हे फ्रेंच क्रियापदाच्या रूपांचे दोन प्रकार आहेत. ‘खात्री असेल तेथे इंडिकेटिव्ह, शंका असेल तेथे सबजंक्टिव्ह’ हा नियम फ्रेंच शिकणाऱ्याला फार लवकर सांगितला जातो आणि सुरुवातीच्या वाक्यांना तो पुरतोही. ‘जॅ से किल व्हियँ’ म्हणजे तो येतो आहे हे मला ठाऊक आहे. ‘जॅ व्हॅ किल व्हिएन’ म्हणजे त्याने यावे अशी माझी इच्छा आहे. पहिल्यात क्रियापद इंडिकेटिव्हमध्ये आहे, तर दुसऱ्यात सबजंक्टिव्हमध्ये. मराठीतही येथे ‘यावे’ असे विध्यर्थी रूप येत असल्यामुळे हा भेद आपल्याला परका वाटत नाही.

मात्र ‘जॅ स्युइ कोंताँ किल स्वा व्हॅन्यु’ या वाक्यापाशी हा नियम कोसळतो. तो आला याचा मला आनंद आहे, असे बोलणारा सांगतो. येण्याविषयी तिळमात्र शंका नाही, मराठीत साधे ‘आला’ पुरते, तरीही फ्रेंचमध्ये सबजंक्टिव्हच हवा. उलट ‘जेस्पेर किल व्हियँद्रा’, म्हणजे तो येईल अशी मला आशा आहे, या वाक्यात खात्री नसूनही इंडिकेटिव्हचा भविष्यकाळ येतो.

म्हणून वेगळा प्रश्न विचारणे मला अधिक उपयोगी वाटते: मुख्य वाक्य पुढची गोष्ट माहिती म्हणून मांडते आहे, की ती गृहीत धरून किंवा केवळ मनात आणून तिच्याविषयी इच्छा, गरज, भीती वा आनंद व्यक्त करते आहे? जाणणे, सांगणे, मानणे ही माहिती मांडणारी क्रियापदे आहेत, आणि फ्रेंच भाषा आशेलाही अपेक्षा मानून त्यांच्याच पंगतीत बसवते. ‘इल ए प्रोबाब्ल कॅ’, म्हणजे संभव आहे, यानंतर सामान्यतः इंडिकेटिव्ह येतो, पण ‘इल ए पोसिब्ल कॅ’, म्हणजे शक्य आहे, यानंतर सबजंक्टिव्ह. ‘तो आजारी आहे असे मला वाटते’ यात ‘आहे’साठी इंडिकेटिव्हचे ‘ए’ येते. ‘वाटत नाही’ म्हटले की विधान मागे घेतले जाते आणि सहसा सबजंक्टिव्हचे ‘स्वा’ येते.

हा भेद सर्वांत सुंदर दिसतो तो संबंधी वाक्यांत, म्हणजे ‘जो’, ‘जी’ने जोडलेल्या वाक्यांत. ‘जॅ शेर्श अँ मेद्सँ कि से लॅ मराठी’, म्हणजे मराठी येणारा डॉक्टर मी शोधतो आहे, असे म्हणणाऱ्याच्या मनात मराठी येणारा एक ठरावीक डॉक्टर आहे. ‘से’च्या जागी सबजंक्टिव्हचे ‘साश’ म्हटले, तर असा कोणी डॉक्टर हवा आहे, तो सापडेलच असे नाही.

‘अव्हाँ कॅ’, म्हणजे आधी, यानंतर सबजंक्टिव्ह येतो, तर ‘आप्रे कॅ’, म्हणजे नंतर, याला व्याकरणानुसार इंडिकेटिव्ह लागतो. बोलताना अनेक फ्रेंच लोक तेथेही सबजंक्टिव्ह वापरतात, पण परीक्षेत ते टाळावे. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल, तर मात्र हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही: मला निघायचे आहे, याला ‘जॅ व्हॅ पार्तिर’ एवढेच म्हणतात.