अंडी अडणे (सापांतील)

अंडी अडणे : तयार झालेली अंडी मादीला अंडवाहिनीतून वेळेत बाहेर टाकता न येणे. गोठ्यात ‘गाय अडली’ म्हणतात, त्याच अर्थाने सापाची मादीही अडते. घोणस, बोआ अशा पिल्ले घालणाऱ्या सापांत पिल्लूही अडू शकते; ही नोंद मात्र अंडी घालणाऱ्या आणि परदेशांत हौसेने पाळल्या जाणाऱ्या कॉर्न स्नेकविषयी आहे.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, चार-पाच फूट लांबीचा. मादी एका वेळी साधारण १० ते ३० अंडी घालते. त्याआधी एक-दोन आठवडे ती कात टाकते आणि जाणते पाळणारे त्या कातेपासून दिवस मोजतात. या काळात ती बहुधा खाणे सोडते, पेटीभर फिरते, कोपऱ्याकोपऱ्यांत नाक खुपसते. जागा पसंत पडली की अंडी एकामागून एक येतात आणि बहुतेक वेळा दिवसभरात काम उरकते. काही अंडी पडली, मग दोन दिवस काहीच नाही, आणि शेपटीच्या अलीकडे पोटावर एक-दोन टेंगळे तशीच आहेत, तर मादी अडली असे समजावे. नराशी गाठ न पडलेली मादीही फलन न झालेली अंडी धरते आणि तीही अडू शकते. ‘नरच नाही, मग कसली अंडी’ या समजुतीत पाळणारा गाफील राहतो. शिवाय अडलेली मादी कित्येक दिवस वरकरणी ठीक दिसते.

कारणे दोन तऱ्हांची. एक, वाटेतच अडथळा : फार मोठे किंवा वेडेवाकडे अंडे, एकमेकांना चिकटलेली अंडी, अंडवाहिनीचा दाह. दुसरी, वाट मोकळी पण जोर नाही : लठ्ठपणा, हालचालीचा अभाव, शरीरातले पाणी कमी होणे, थंड पेटी. आणि एक अगदी साधे कारण, म्हणजे अंडी घालायला जागाच नसणे. कागद अंथरलेल्या उघड्या खोक्यात मादी अंडी रोखून धरते.

म्हणून पहिली मदत पेटीतच करायची. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला मादी आत जाईल एवढे भोक पाडावे आणि आत ओलसर शेवाळ भरावे. शेवाळ मुठीत पिळले तर पाणी ठिबकू नये, इतपतच ओल हवी. पेटीचा एक भाग उबदार ठेवावा आणि दर तासाला झाकण उघडून पाहू नये. उथळ कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवल्यानेही काही माद्या मोकळ्या होतात, पण तेवढा वेळ जवळून हलू नये. पोट दाबून अंडे पुढे सरकवण्याचा मोह मात्र आवरावा. अंडे आतल्या भिंतीला चिकटलेले असले तर पातळ अंडवाहिनी फाटते किंवा अंड्याबरोबर उलटी होऊन बाहेर येते.

यानंतरचे काम सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याचे. कवच चामड्यासारखे आणि कमी चुन्याचे असल्याने क्ष-किरणात अंडी पुसट दिसतात. सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. अंडवाहिनीला कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे इंजेक्शन कासवांत चांगले लागू पडते, सापांत तितका भरवसा नाही. वाट बंद असताना ते घातकच. पुढचा उपाय सुईचा. पोटाच्या रुंद खवल्यांच्या कडेने जाड सुई अंड्यात घालून आतला द्रव ओढून घेतात. टेंगूळ बोटाखालीच बसते आणि रिकामे कवच पुढे एक-दोन दिवसांत मादी स्वतः टाकू शकते. अंडे जुने झाले की आतला भाग घट्ट होतो आणि सुईत काहीच येत नाही. मग शस्त्रक्रिया उरते. तोवर बाहेर आलेली चांगली अंडी उबवायची असतील तर ती जशी पडली तशीच उचलावी, फिरवू नयेत. वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

भारतात धामण, अजगर यांसारखे देशी साप घरी पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पकडलेली धामण अंडी घालताना अडल्याचे लक्षात आले, तर सर्पमित्राने घरी उपचार करत बसू नये. वनविभागाला कळवून तिला पशुवैद्याकडे न्यावे.

शस्त्रक्रियेत एका बाजूची अंडवाहिनी काढावी लागली, तर त्याच बाजूचा अंडाशयही काढतात. नाहीतर पुढच्या हंगामात तिथला बलक पोटाच्या पोकळीत पडतो. दुसरी बाजू शाबूत असेल तर अशी मादी पुढेही अंडी घालू शकते.